धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा होता : पंडिता रमाबाईंची आठ वर्षे

#थ्रेड

पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्या, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ज्यांना सनावळ्या पाठ असतात त्यांना तारीखही सांगता येते : २९ सप्टेंबर १८८३, इंग्लंडमधील वाँटेज. गंमत अशी की, खुद्द रमाबाईंना हे उत्तर पुरते मान्य नव्हते. १९०७ साली त्यांनी आपल्या श्रद्धेची कहाणी ‘साक्ष’ म्हणून इंग्रजीत छापली. तिच्यात त्या स्पष्ट सांगतात की बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता. ख्रिस्त सापडायला पुढे सुमारे आठ वर्षे जावी लागली.

धर्म सापडणे आणि ख्रिस्त सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी कशा असू शकतात? आजचा थ्रेड या एका प्रश्नाचा आहे. धर्मांतर योग्य की अयोग्य, हा वाद येथे नको. तो एकशे चाळीस वर्षे चालला आहे आणि आपल्याविना पुढेही चालेल.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान चित्पावन ब्राह्मण. पत्नीला संस्कृत शिकवण्याचा ‘गुन्हा’ त्यांनी केला आणि त्यासाठी स्वकीयांचा रोष पत्करला. रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी. पुढे हे कुटुंब घरदार सोडून तीर्थयात्रेला निघाले. या तीर्थाहून त्या तीर्थाला जायचे, देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण वाचायचे, जे दक्षिणेत पडेल त्यातून पुन्हा दानधर्म करायचा. लहानग्या रमेला भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत होते.

मग दक्षिणेत दुष्काळ आला. पुराण ऐकायला लोक उरले नाहीत, आणि मजुरी करण्याची कुणाला सवयही नव्हती आणि धर्माची आज्ञाही नव्हती. १८७४च्या सुमारास आधी वडील, नंतर आई, आणि पाठोपाठ थोरली बहीण गेली. उपास, अनुष्ठाने, नवस, तीर्थस्नाने यांतील काहीही करायचे शिल्लक ठेवलेले नव्हते. उरलेली दोन भावंडे, रमा आणि श्रीनिवास, पायी हिंदुस्थान तुडवीत १८७८ साली कलकत्त्याला पोचली.

कलकत्त्यात या वीस वर्षांच्या मुलीचे संस्कृत ऐकून पंडित थक्क झाले आणि त्यांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्याच शहरातला एक लहानसा प्रसंग मात्र फारसा सांगितला जात नाही. भावंडांना एका ख्रिस्ती मंडळीच्या सभेचे निमंत्रण आले. प्रार्थनेची वेळ होताच जमलेले सगळे आपापल्या खुर्चीकडे वळले, गुडघे टेकून बसले आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटू लागले. समोर मूर्ती नाही, चित्र नाही. दोघांची समजूत झाली की हे लोक खुर्च्यांची पूजा करतात! रमाबाईंनी हे स्वतःच लिहून ठेवले आहे. परधर्माशी झालेल्या पहिल्या भेटीचे इतके प्रामाणिक वर्णन मी तरी क्वचितच वाचले आहे.

त्याच कलकत्त्यात त्यांच्याकडे एक काम आले : पडद्यातील स्त्रियांना शास्त्राप्रमाणे स्त्रीधर्म समजावून सांगण्याचे. त्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ नव्याने वाचायला घेतले. त्यांना असे आढळले की जवळपास प्रत्येक मुद्द्यावर एकमेकांना छेद देणारे हे ग्रंथ दोन गोष्टींवर मात्र एकमत होतात. एक, स्त्री स्वभावतःच पापी आहे. दोन, वेदाध्ययनाने व स्वतःच्या साधनेने मोक्ष मिळवण्याचा अधिकार तिला नाही आणि शूद्रालाही नाही. तिची वाट पतीच्या सेवेतून जाते, आणि तीही फारतर पुढच्या बऱ्या जन्मापर्यंत.

इथे जरा थांबायला हवे, कारण पुढचे सारे या जागेवरून उलगडते. संस्कृताची एवढी अधिकारी विदुषी, सारे आयुष्य देवाच्या दारोदार हिंडलेली, आणि तिला आपल्याच ग्रंथांतून कळते की ही वाट तिच्यासाठी बंद आहे. रमाबाईंचा प्रश्न आपण ‘समाजसुधारणेचा’ म्हणून वाचतो. मला तो आधी एका साधकाचा प्रश्न वाटतो : देवापर्यंत जाण्याची वाट आहे का, आणि असल्यास मला तिच्यावरून चालता येते का?

(एक हरकत येईल आणि ती रास्त आहे. महाराष्ट्रात तोवर सहाशे वर्षे वारकरी संत नेमके हेच सांगत होते की विठ्ठलाच्या दारी जात आणि लिंग विचारले जात नाही. जनाबाई, सोयराबाई, बहिणाबाई कुठे गेल्या? त्या कुठेही गेल्या नव्हत्या. पण रमाबाईंचे बालपण मराठी भूमीबाहेर, संस्कृत पुराणांच्या सावलीत गेले होते. त्यांना भेटलेला हिंदू धर्म हा शास्त्र्यांचा होता. पुढे नारायण वामन टिळक तुकोबांच्या अभंगांचे बोट धरून ख्रिस्ताकडे गेले, तसा पूल रमाबाईंच्या वाट्याला आलाच नाही. दोघांच्या श्रद्धेचा पोत इतका वेगळा का, याचे एक उत्तर येथे असावे.)

१८८० साली ढाक्याला भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. आसामातील सिलचरला संसार थाटला. तेथे घरच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत सापडली. ॲलन नावाचे बॅप्टिस्ट मिशनरी घरी येऊन बायबलातील सृष्टीची उत्पत्ती समजावून सांगू लागले. बिपिनबाबू स्वतः मिशनच्या शाळेत शिकलेले, पण पत्नीने या धर्माच्या नादी लागावे हे त्यांना रुचले नाही. फेब्रुवारी १८८२मध्ये पटकीने त्यांचा अंत झाला. कडेवर मनोरमा ही दहा महिन्यांची मुलगी घेऊन रमाबाई पुण्याला आल्या.

पुण्यातील वर्ष वेगाने सांगतो, कारण ते सर्वपरिचित आहे. आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढील साक्ष, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक. या पुस्तकाच्या उत्पन्नातून इंग्लंडच्या प्रवासखर्चाला हातभार लागला. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची असलेली पुण्यातील व्यक्ती मात्र वेगळी आहे : फादर नेहेम्या गोऱ्हे.

पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे. काशीत वाढलेले चित्पावन, न्यायशास्त्रात मुरलेले. मिशनऱ्यांचे खंडन करायला निघाले आणि १८४८ साली स्वतःच बाप्तिस्मा घेऊन बसले. षड्दर्शनांची चिकित्सा करणारा त्यांचा ग्रंथ १८६०चा. या माणसाची मोठी गंमत म्हणजे ख्रिस्ती झाल्यावरही शंकांनी त्यांना आयुष्यभर छळले. पूर्वपक्ष मांडल्याशिवाय त्यांच्याने उत्तरपक्ष लिहवतच नसे. त्यांच्या लेखनानेच रमाबाईंच्या बुद्धीला ख्रिस्ती धर्म पटवला.

१८८३च्या वसंतात रमाबाई इंग्लंडला निघाल्या. वैद्यक शिकायचा बेत होता. ऐकू कमी येत असल्यामुळे तो सोडावा लागला. वाँटेजच्या ‘कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन’ या अँग्लिकन मठात त्या राहू लागल्या. तेथील भगिनींनी त्यांना काही दिवसांसाठी लंडनला पाठवले. फुलहॅम येथे ‘पतित’ म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह चालवले जात होते. ज्यांचे नावही सभ्य माणसाने घेऊ नये अशा स्त्रियांची शुश्रूषा चांगल्या घरच्या बायका करीत आहेत, आणि त्यातल्याच काहीजणी सावरल्यावर इतरांची सेवा करू लागल्या आहेत, हे दृश्य रमाबाईंना नवे होते. त्यांनी एका भगिनीला विचारले की तुम्हाला असे करायला कोण लावते? उत्तरादाखल त्या भगिनीने योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला.

हा अध्याय ज्यांनी वाचलेला नाही त्यांच्यासाठी. भर दुपारची वेळ. थकलेला येशू याकोबाच्या विहिरीपाशी बसला आहे. शोमरोनी जातीची एक स्त्री पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत, त्यांच्या भांड्याचा विटाळ मानीत. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. या स्त्रीचे पाच नवरे होऊन गेले आहेत आणि आता ज्याच्याजवळ राहते तो तिचा नवरा नाही. हे त्याला ठाऊक असते, तरी तो बोलणे तोडत नाही. ती त्याला एक धर्मशास्त्रीय प्रश्न विचारते : आमचे पूर्वज या डोंगरावर उपासना करीत, तुम्ही म्हणता यरुशलेमातच करावी, मग खरे स्थान कोणते? त्यावर तो सांगतो की हा डोंगरही नाही आणि यरुशलेमही नाही. देव आत्मा आहे, त्याची उपासना आत्म्याने आणि सत्याने करायची असते.

आता हे रमाबाईंच्या कानांनी ऐकून पाहा. विहीर, पाणी, विटाळ : या तीन शब्दांचा अर्थ हिंदुस्थानातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्याला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. ज्या मुलीचे बालपण ‘खऱ्या’ तीर्थाच्या शोधात चालण्यात गेले आणि ज्या शोधात आईबाप गेले, तिला कुणीतरी सांगतो आहे की देव या डोंगरावर किंवा त्या नगरीत बसलेला नाही. आणि सांगतो तेही एका स्त्रीला, ‘तसल्या’ स्त्रीला. रमाबाई लिहितात की हा ख्रिस्त खरोखर तारणारा असल्याचे, आणि हिंदुस्थानच्या पिचलेल्या स्त्रीजातीला दुसरे कुणी उठवू शकणार नसल्याचे, त्यांना त्या क्षणी उमगले. तीर्थांचा दुवा त्यांनी स्वतः जोडलेला नाही, तो माझा आहे. पण तो नजरेआड करणे मला जमत नाही.

याच सुमारास त्यांच्यासोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्ये विष घेऊन जीव दिला. परक्या देशात, परक्या भाषेत, एकुलती मैत्रीण अशी गेलेली. त्यानंतर लवकरच रमाबाई आणि मनोरमा दोघींचा बाप्तिस्मा झाला. हा क्रम लक्षात घेतला पाहिजे. त्यावरून ‘दबावाखाली झालेले धर्मांतर’ असा निष्कर्ष काढणारे आहेत. पुढच्या दोन वर्षांतली रमाबाईंची पत्रे वाचली, तर ही बाई कुणाच्या दबावाखाली काही करील, यावर विश्वास बसणे कठीण होते.

ती पत्रे हा एक खजिनाच आहे. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन रमाबाईंच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. १८८५ साली या दोघींत जो पत्रव्यवहार झाला, तो पुढे ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली १९७७मध्ये प्रसिद्ध झाला. रमाबाई तेव्हा चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्याकडे होत्या.

वादाचा गाभा असा. वाँटेजचा मठ अँग्लिकन पंथातील ‘उच्च चर्च’ परंपरेचा होता. या परंपरेत चर्च हे ख्रिस्ताचे शरीर मानले जाते. देवाची कृपा चर्चच्या विधींतून, बिशपांच्या अखंड परंपरेतून माणसापर्यंत पोचते. बाप्तिस्मा हाच नवा जन्म. साहजिकच, एकदा बाप्तिस्मा घेतल्यावर चर्चची शिकवण मुकाट्याने स्वीकारणे हे नम्रतेचे लक्षण आणि प्रश्न विचारणे हे अहंकाराचे.

रमाबाई तर नैयायिकासारख्या एकेक सिद्धान्त उलगडून पाहू लागल्या. देव एक असेल तर पवित्र त्रैक्य कसे? अथनेशियसच्या नावाने चालणारा मतांगीकार, जो न मानणाऱ्याला नाशाची भीती घालतो, तो ख्रिस्ताच्या तोंडी कुठे आहे? कुमारीपासून जन्म मानल्याखेरीज ख्रिस्तावर विश्वास ठेवता येत नाही काय? बायबलात जे लिहिले आहे ते मी माझ्या बुद्धीने वाचीन. बिशपने सांगितले म्हणून मानणार नाही. हिंदुस्थानातील पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे, आता तसलेच दुसरे मानेवर घेण्याची माझी तयारी नाही, अशा आशयाचे त्यांचे शब्द प्रसिद्ध आहेत.

बारीकसारीक गोष्टींवरूनही खटके उडत. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे का? लॅटिन मला येत नाही, माझ्या देशबांधवांना येत नाही. संस्कृतापेक्षा ती अधिक पवित्र आहे असे कुणी ठरवले? आहार शाकाहारीच का? जेराल्डिनबाईंना यात जातीचा जुना ताठा दिसे. रमाबाईंना तो आपल्या माणसांशी असलेला धागा वाटे. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवावे का, यावर हिंदुस्थानातील बिशपांनी नकार कळवला, तेव्हा तर त्या उसळल्याच. ज्या सनातन्यांपासून सुटका करून घ्यायची, त्यांचीच भाषा बिशप बोलू लागले होते! बीलबाईंनी मात्र समजूतदारपणा दाखवला. शंका घेणाऱ्या मनाला वेळ दिला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे पडले.

इकडे महाराष्ट्रात रमाबाईंवर टीकेची झोड उठली होती. त्यांची बाजू घेऊन ठामपणे उभे राहिले ते फुले. १८८५ सालचे त्यांचे ‘सत्सार’ मुद्दाम मिळवून वाचा. म्हणजे पुणे त्यांना ‘बाटली’ म्हणत होते आणि वाँटेज ‘अजून पुरती वळली नाही’ म्हणत होते, एकाच वर्षी.

पुढचा टप्पा अमेरिकेचा. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला रमाबाई हजर होत्या. १८८७मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. सदन कोणत्याही धर्माचा प्रचार करणार नाही, असे ठरले होते.

बाहेरून पाहता सारे मनासारखे झाले होते. आतून रमाबाई अस्वस्थ होत्या. इंग्लंड-अमेरिकेत पाहिलेल्या अनेक पंथोपपंथांच्या गलबल्यात नेमके खरे काय हे कळत नव्हते. त्रैक्य समजले, मतांगीकार समजला, तरी ज्या गोष्टीसाठी आईवडील दारोदार हिंडले ती गोष्ट, म्हणजे देवाजवळ आपला स्वीकार झाला आहे ही खात्री, मनाला लाभत नव्हती.

१८९१च्या सुमारास त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र आले. हा अवलियाच म्हणायचा. चर्चमध्ये वर्षानुवर्षे प्रवचने देणारा हा पाद्री एके रविवारी, १८५१ साली, कॉर्नवॉलमधील आपल्याच प्रवचनपीठावर उभा असताना आपल्याच प्रवचनाने बदलला! आपण इतकी वर्षे लोकांना ख्रिस्ताविषयी सांगत होतो आणि स्वतः त्याला ओळखत नव्हतो, हे त्याला बोलता बोलता जाणवले.

रमाबाईंना या आरशात आपले रूप दिसले. बाप्तिस्मा म्हणजेच नवा जन्म, असे त्यांना शिकवले गेले होते आणि त्यांनी ते मानलेही होते. आता त्यांनी बायबल पुन्हा उघडले. मला ख्रिस्ताचा धर्म नको, ख्रिस्त हवा आहे, हा उलगडा त्यांना येथे झाला. योहानाच्या चौदाव्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांना वाट दाखवून थांबत नाही, तो स्वतःलाच वाट म्हणवतो. रमाबाईंनी ते अक्षरशः घेतले. त्यांची तोवरची सारी समजूत, हिंदू असतानाची आणि ख्रिस्ती झाल्यानंतरचीही, अशी होती की देवाकडे जाण्यासाठी काहीतरी करावे लागते : तीर्थ, व्रत, विधी, योग्य सिद्धान्त, चांगले वर्तन. आता त्यांना असे वाटले की करायचे ते क्रूसावर होऊन गेले आहे. आपल्याकडून हवा आहे तो केवळ विश्वास. ज्याला पुण्याईचे गाठोडे लागत नाही, वेदाधिकार लागत नाही, बिशपची चिठ्ठी लागत नाही.

धर्मशास्त्राच्या अभ्यासकाला यात नवे काही दिसणार नाही. मार्टिन लूथरने सोळाव्या शतकात हेच म्हटले होते, आणि प्रॉटेस्टंट ‘इव्हॅंजेलिकल’ परंपरेचा तर हा कणाच आहे. पण कलकत्त्यात ‘ही वाट तुझी नव्हे’ असे वाचलेल्या स्त्रीने हा विचार उचलणे आणि जर्मनीतल्या एका भिक्षूने तो मांडणे, यात फरक आहे. लूथरला आपल्या पापाची धास्ती होती. रमाबाईंना बाहेर ठेवले जाण्याची.

या नव्या श्रद्धेची किंमत लगेच चुकवावी लागली. त्या आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. १८९३ साली पुण्यात गदारोळ झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. प्रचार न करण्याचे वचन मोडले, हा आक्षेप पोकळ नव्हता. माझ्या प्रार्थनेचे दार मी का बंद करू, हा रमाबाईंचा सवालही पोकळ नव्हता. दोन्ही बाजू वाचून मला आजही एका बाजूला उभे राहता येत नाही.

१८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. स्वतःच्या लहानपणीचा दुष्काळ त्यांना ठाऊक होता. पुण्याजवळ केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. तेथेच ‘कृपा सदन’ निघाले, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी. फुलहॅमला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर केडगावच्या मातीत असे रुजले.

एक कबुली मात्र द्यायला हवी. उत्तरायुष्यातील रमाबाई वाचताना १८८५ची ती भांडखोर, शंकेखोर विद्यार्थिनी अधूनमधून हरवल्यासारखी वाटते. हिंदू धर्माविषयीचा त्यांचा सूर कठोर होत गेला. १९०५च्या केडगावातील ‘पुनरुज्जीवनात’ शेकडो मुली रडत, ओरडत प्रार्थना करू लागल्या, तेव्हा अनेक ख्रिस्ती मिशनरीही साशंक झाले. खात्री लाभल्यावर प्रश्न कमी होतात, हे खरे असावे.

पण त्यांची एक सवय सुटली नाही. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे नाही, मुळातून वाचायचे. प्रचलित मराठी बायबलाची भाषा त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे. केडगावातल्या अडाणी बाईला ती कशी कळावी? म्हणून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ असलेल्या या बाईने वयाच्या पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायला घेतले. छापखाना मुक्तीचाच, आणि कामाला मुक्तीतल्याच मुली-बायका. जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली. काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. कधीकाळी दुष्काळातून आलेल्या बायकांच्या हातून ते पुस्तक छापून बाहेर पडले, आणि त्यात योहानाचा चौथा अध्यायही होता, विहिरीवरच्या त्या बाईला कळला असता अशा मराठीत.